ताज्या चाकोरीतून चालणारे तात्या

माझे धाकटे चुलते, म्हणजे आमचे तात्या, २०१३ साली गेले. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. दर दोन घरांआड एक फौजी. तात्या १९७५ साली अठराव्या वर्षी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, १९८७ साली भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले आणि १९९२ साली हवालदार म्हणून पेन्शनीत आले. पुढची एकवीस वर्षं ते आमच्यात होते, आणि त्यातली निम्मी वर्षं आम्ही त्यांना समजून घेण्यात कमी पडलो. ज्यांच्या घरातलं माणूस आज फौजेत आहे किंवा नुकतंच परत आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

१. स्टेशनवर उतरतो तो माणूस वेगळा असू शकतो

श्रीलंकेतून तात्या पहिल्यांदा सुट्टीवर आले ते १९८८ च्या मे महिन्यात. मी अकरा वर्षांचा होतो. आम्ही सगळी पोरं कोरेगाव स्टेशनवर गेलो होतो. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, सगळं नेहमीसारखंच. दारात आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं.

सुट्टीवर आले की तात्या पहिल्याच रात्री देवळात भजनाला जायचे. त्यांच्यासारखा पखवाज पंचक्रोशीत कोणी वाजवत नव्हतं. त्या वेळी मात्र ते ओसरीवर भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसले. झोपतानाही बूट काढले नाहीत. आजी म्हणाली, "दमलाय पोरगा. चार दिसांत हुईल सरळ." घरात सगळ्यांनी मान डोलावली. ते चार दिवस संपायची वाट आम्ही पुढे कित्येक वर्षं पाहत राहिलो. माणसाचं शरीर गाडीनं घरी येतं, मनाला त्याहून फार जास्त वेळ लागतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

२. सवयीला हसण्याआधी तिचं कारण विचारा

आमच्या मळ्याकडे जायला पाणंद आहे. तात्या त्या पाणंदीच्या मधून कधी चालत नसत. बैलगाडीच्या चाकोरीत पाऊल टाकत, आणि तीही ताजी हवी. सकाळी गाडी गेलेली नसेल तर कडेच्या दगडावर बसून राहत. गाडी गेली, की तिच्या मागोमाग चाकाच्या ठशावर एकेक पाय ठेवत मळ्यात येत. वाटेत मोटारीची केबल आडवी पडलेली दिसली की जागच्या जागी थांबत. ती कुठून आली आणि कुठे गेली हे दोन्ही बाजूंनी नजरेनं तपासत, मग वळसा घालून जात. घरात कपडे वाळत घालायची तारसुद्धा त्यांनी गुंडाळून माळ्यावर टाकली होती.

गाव हसायचं. "पलटणीत चालायला बी नवं शिकिवलं का रं?" आम्ही घरचे ओशाळायचो. कारण कळलं ते फार उशिरा. श्रीलंकेतल्या जाफन्यात रस्त्यांवर, पायवाटांवर, घरांच्या उंबऱ्यांशी सुरुंग पेरलेले असायचे. ज्या जमिनीनं आत्ताच कुणाचा तरी भार सोसला आहे, तेवढीच भरवशाची. मातीतून डोकावणारी वायर म्हणजे मरण. तात्यांच्या पायांनी तिथे जे शिकून घेतलं त्यावर ते जिवंत राहिले होते. कोरेगावात आल्यावर पायांना कोण सांगणार, की आता विसरा?

३. फटाक्याची गंमत त्यांच्यावर करू नका

ही माझी चूक आहे आणि ती मी लपवत नाही. १९९२ च्या दिवाळीत, मी पंधरा वर्षांचा असताना, मित्रांच्या नादाला लागून मी तात्यांच्या मागे सुतळी बॉम्ब लावला. आवाज झाला तसे तात्या पारासमोर पालथे पडले, दोन्ही हात डोक्यावर. पोरं हसली. पारावरची मोठी माणसंही हसली. तात्या उठले, कपड्यांची माती न झटकता घरी गेले आणि तीन दिवस खोलीबाहेर आले नाहीत.

पुढे मला कळलं ते असं. १९८७ ची दिवाळी ऑक्टोबरात आली होती. शांतिसेनेनं जाफना घेण्यासाठी मोहीम सुरू केली तीही त्याच ऑक्टोबरात. म्हणजे आम्ही इथे किल्ला बांधत होतो, पणत्या लावत होतो, तेव्हा तात्या तिथे गल्लीगल्लीतून लढत होते. त्यांच्या मनात दिवाळी आणि ती लढाई कायमची एकत्र बांधली गेली होती. मी जाऊन त्याच गाठीवर वात पेटवली. मी माफी मागितली ती वीस वर्षांनी. त्यांनी एवढंच म्हटलं, "पोर हुतास तू." पण मला ते पुरत नाही.

४. खोदून विचारू नका, पण शेजारी बसा

पाहुणे आले की हमखास विचारत, "किती मारले?" तात्या उठून गोठ्यात जात. अशा प्रश्नाला उत्तर नसतं आणि तो विचारूही नये.

ते बोलले ते रात्रीच्या अंधारात. शेतीची लाईट रात्री यायची, म्हणून उसाचं दारं धरायला मी त्यांच्याबरोबर जायचो. हातात काम असतं, तोंड दिसत नाही आणि पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत वेळच वेळ असतो. अशाच एका रात्री ते आपणहून म्हणाले, "माझ्या पुढं जतचा पोरगा चालायचा. घरनं त्याला शेंगदाण्याची चटणी आली हुती. निम्मी मला दिली, निम्मी उद्याला म्हणून ठिवली." मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. "ती डबी माझ्याच पिट्टूत राहिली."

आणखी एका रात्री एका म्हातारीबद्दल बोलले. झडती घ्यायला म्हणून तिला घरातून बाहेर काढलं होतं. ती तामिळमध्ये काहीतरी सारखं विचारत होती आणि यांना एक अक्षर कळत नव्हतं. "आपल्या आईच्या वयाची हुती," म्हणाले. त्या रात्री मला समजलं, की सैनिकाच्या मनावरचं ओझं नुसतं आपल्या मेलेल्या साथीदारांचं नसतं. तिथल्या साध्या माणसांचे जे हाल त्यानं पाहिले, जे हाल होण्यात त्याचाही हात होता, तेही तो उचलून आणतो. मी काही बोललो नाही. फावड्यानं दारं मोडलं आणि पाणी दुसऱ्या सरीला लावलं. त्या वेळी तेवढंच बरोबर होतं.

५. हे बाहेरचं नाही, हा आजार आहे

रात्री ओरडत उठणं, घामानं भिजणं, एकदम संतापणं, पोरांना जवळ न घेणं. घरानं यावर देवऋषी केला. अंगारा, उतारा, अमावस्येला नारळ, सगळं झालं. तात्या मुकाट्यानं सगळं करून घेत. त्यांनाही वाटे की आपल्यात काहीतरी खोट आहे.

मी कॉलेजला पुण्यात आलो तेव्हा वाचनातून मला याचं नाव कळलं. पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हणत. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहिल्यावर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या आजारांच्या अधिकृत यादीत 'पीटीएसडी' हे नाव घातलं. म्हणजे तात्या श्रीलंकेला गेले त्याच्या सात वर्षं आधीच या दुखण्याला नाव होतं. आमच्या गावापर्यंत तेवढं पोचलं नव्हतं.

ते मी सोपं करून तात्यांना सांगितलं. जिवावर बेतलं की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. काही माणसांच्या बाबतीत धोका टळल्यावरही ती घंटा थांबत नाही, साध्या आवाजानं किंवा वासानंही पुन्हा वाजू लागते. तात्यांनी विचारलं, "म्हंजे दुसऱ्यांना बी हुतंय हे?" हो म्हणालो. ते रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. पुढे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, बोलून करायचे उपचार थोडेफार झाले. फरक पडला. पूर्ण नाही, पण झोप लागू लागली.

६. घरातल्या बाईकडेही बघा

या सगळ्याची खरी झळ काकीनं सोसली. कँटीनची रम तात्यांना आधी झोप येण्यासाठी लागायची, मग ती जेवणाआधी लागू लागली, मग दुपारी. गाव म्हणायचं, फौजी म्हटल्यावर पिणारच. दारूनं माणूस बिघडतो हे खरं, पण तात्यांच्या बाबतीत दारू मागून आली, झोप आधी गेली होती. नुसती बाटली फोडून काही होत नाही, हे काकीला आमच्याआधी कळलं होतं.

एकदा पहाटे तिनं खांद्याला हात लावून त्यांना उठवलं आणि तिचा गळा धरला गेला. जागे झाल्यावर तात्या स्वतःच्या हातांकडे बघत बसून राहिले. तेव्हापासून ती कधी अंगाला हात लावून उठवत नसे. दारात उभी राहून, आधी बांगड्या वाजवून, हळू हाक मारायची, "अवं, उजाडलंय. मी हाय." आधी बांगड्या, मग आवाज, मग माणूस. हे तिला कुठल्या डॉक्टरनं शिकवलं नव्हतं. वीस वर्षं रोज पहाटे तिनं हे केलं आणि तिला कोणी कधी विचारलं नाही, की बाई, तू कशी आहेस? मीही नाही.

७. परतलेल्याचा मान त्याला वेळेत द्या

काही युद्धांतून परतणाऱ्यांना हार मिळतात, काहींना गप्प बसावं लागतं. ज्या भारत-श्रीलंका करारानं शांतिसेना तिथे गेली तो २९ जुलै १९८७ चा. शांतिसेनेची शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परतली. सुमारे १२०० जवान गेले. परतणाऱ्या सैन्याच्या स्वागताला तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, हेही तात्या विसरले नव्हते. गावात लोक विचारत, "शांतिसेना ना तुमची? मग लढाई कसली?" त्याच मोहिमेत हुतात्मा होऊन परमवीर चक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन महार रेजिमेंटचे, जन्मानं मुंबईचे. आमच्या शाळेत त्यांचं नावही कोणी घेतलं नाही.

१९९९ साली कारगिलहून आमच्या गावचा एक जवान परत आला तेव्हा वेशीपासून मिरवणूक निघाली. तात्या गर्दीच्या सगळ्यात मागे, चिंचेखाली, सावधान उभे होते. त्यांना त्या पोराचा हेवा नव्हता. घरी येऊन म्हणाले, "बरं झालं. त्याला एकट्याला चालत यावं लागलं न्हाई."

कोलंबोजवळ शांतिसेनेचं स्मारक २००८ साली झालं. तात्यांनी ते पाहिलं नाही. २०१५ साली पंतप्रधान तिथे गेले तेव्हाचा पेपरातला फोटो काकीनं कापून त्यांच्या ट्रंकेत ठेवला. तात्या जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

८. कामाची जबाबदारी द्या, दया नको

तात्यांना सगळ्यात जास्त आधार मिळाला तो भरतीच्या पोरांचा. एकदा गावातली दोन पोरं आली, "तात्या, सोळाशे मीटर टायमात बसंना." दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तात्या शिट्टी घेऊन माळावर हजर. दोनाची दहा झाली, दहाची पंचवीस. पहाटे उठायचं म्हणून रात्रीची बाटली कमी झाली. पळताना पोरं पुढे असायची, तात्या त्यांच्या पावलांवरून मागे. बारा-पंधरा पोरं त्यांनी पलटणीत घातली. निघताना प्रत्येकाला एकच सांगायचे, "परत आलास की गप बसू नगंस. माझ्याकडं ये, न्हाईतर आईजवळ बस, पर बोल."

९. जुन्या माणसाची वाट पाहण्यात नवा गमावू नका

आमची मोठी चूक हीच. पखवाज वाजवणारे, पोरांना खांद्यावर घेऊन नाचणारे तात्या परत येतील म्हणून आम्ही थांबलो. रोज समोर बसलेल्या तात्यांना आम्ही 'बिघडलेले तात्या' समजत आलो. ते बिघडलेले नव्हते. फार दूरवर जाऊन, फार काही पाहून आलेले होते. त्यांच्याशी नव्यानं ओळख करून घ्यायला हवी होती. २००६ च्या हरिनाम सप्ताहात ते पुन्हा भजनाला बसले. पखवाज नाही घेतला, टाळ घेतले आणि अगदी हळू वाजवले. तो दिवस आम्ही 'अजून पखवाज नाही' म्हणून मोजला. 'टाळ धरले' म्हणून मोजायला हवा होता.

तात्यांच्या वेळी नव्हती अशी मदत आज आहे. मनाच्या दुखण्यासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर मिळते, मराठीतूनही बोलता येतं. माजी सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, ईसीएचएसचे दवाखाने आहेत. तुमच्या घरात, शेजारात, भावकीत असं कोणी परतलेलं असेल तर देवऋषीकडे जाण्याआधी तो नंबर फिरवा. त्याच्या बायकोला विचारा, ती कशी आहे. आणि रात्री दारं धरायला त्याच्याबरोबर जा.