सहकार्य कसे रुजते?
(विद्यार्थी व कार्यकर्त्यांसाठी पाठ)

सामाईक विहिरीतून एकाने जादा पाणी उपसले तर त्याचा फायदा होतो. सर्वांनीच उपसले तर विहीर आटते. एकट्याचे हित आणि सर्वांचे हित यांच्यातील या ओढाताणीला ‘सामाजिक पेच’ म्हणतात. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सामाईक कुरणाचा दाखला देऊन असे मांडले की, मोकळी सोडलेली सामाईक मालमत्ता अखेर नष्ट होते. मग सहकार्य अशक्यच आहे काय?

रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर अशा पेचाच्या दोन स्पर्धा घेतल्या. दोन्हींत ‘जशास तसे’ ही साधी नीती जिंकली. आरंभी सहकार्य करावे. पुढे समोरचा वागेल तसे वागावे. तो सुधारला की मागचे विसरावे. मात्र त्याच माणसांची गाठ पुन्हा पुन्हा पडणार असेल, तरच ही नीती फळते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्ष गावांचा अभ्यास केला. या कार्यासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावात १५१७ पासून नियम आहे : हिवाळ्यात जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच सामाईक कुरणावर पाठवाव्यात. त्यांच्या अभ्यासातून टिकाऊ सहकार्याची लक्षणे दिसतात :

१) नियम वापरणाऱ्यांनीच ठरवलेले असतात.
२) देखरेख आपल्यातलेच लोक करतात.
३) पहिल्या चुकीला सौम्य दंड, पुढे वाढत जाणारा.
४) तंटा जागच्या जागी, कमी खर्चात मिटतो.

आपल्याकडील दाखला पुरंदर तालुक्यातील पाणी पंचायतीचा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी ही चळवळ उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसे मोजून ठरला. भूमिहीनांनाही पाण्यावर हक्क दिला. उसासारख्या पिकाला मनाई होती. पाणीवाटप सर्वांनी नेमलेला पाटकरी करी.

येथेच या पाठाचे सार आहे. नुसत्या सदिच्छेवर सहकार्य टिकत नाही, नुसत्या धाकानेही टिकत नाही. नियम न्याय्य हवा आणि तो ठरवताना सर्वांत दुबळ्याचीही मोजदाद हवी. ज्याला वाटाच नाही, त्याने नियम का पाळावा?

वस्तीतील नळ असो, मंडळाचा निधी असो की वाचनालयाची पुस्तके, पेच तोच आहे.

विचारासाठी प्रश्न : आपल्या वस्तीतील एका सामाईक गोष्टीचे नियम कोणी ठरवले? ते ठरवताना कोणाला विचारले नव्हते?