ओठाची बायोप्सी : कोरड्या तोंडाचे कारण शोधताना

भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय गिळवत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, दात भराभर किडतात. चाळिशी-पन्नाशीतल्या आपल्या आयाबहिणी असे सांगू लागल्या की घरात ‘वय झालं’ म्हणतात. कधी डॉक्टरही ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच सांगतात. ॲलर्जीच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी, मधुमेहानेही तोंड कोरडे पडते, ते आधी पाहावेच. पण रोजचा कोरडेपणा तीन महिन्यांहून अधिक टिकला, तर शोग्रेन्स सिंड्रोमची शंका घ्यायला हवी. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात त्याचे सविस्तर वर्णन केले. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात.

रक्तात ‘अँटी-रो’ हे प्रतिद्रव्य सापडले तर निदान सोपे होते. अडचण अशी, की आजार असूनही अनेकींचा हा रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि ‘तुम्हाला काही नाही’ म्हणून त्यांना घरी पाठवले जाते. अशा वेळी ओठाच्या बायोप्सीला मोल येते. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एकूण चार गुण लागतात. अँटी-रोला तीन आणि बायोप्सीलाही तीनच. डोळ्यांत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर आणखी एक. म्हणजे रक्त गप्प राहिले तरी ओठ बोलू शकतो.

बायोप्सी हा शब्द ऐकताच आपल्याकडे कॅन्सरच आठवतो, आणि ‘सुरी लागली की पसरतं’ म्हणून बायका मागे फिरतात. ही तपासणी कॅन्सर शोधण्यासाठी नाही आणि तिने आजार पसरतही नाही. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला भुलीचे इंजेक्शन देऊन एक-दीड सेंटिमीटरचा छेद घेतात, त्यातून दाण्याएवढ्या चार-सहा लाळग्रंथी काढतात आणि एक-दोन टाके घालतात. बाहेर व्रण दिसत नाही. तोंडात अशा शेकडो ग्रंथी असतात, त्यामुळे लाळ कमी होण्याची भीती नको. काही दिवस सूज राहते. काहींचा ओठ काही आठवडे बधिर राहतो, क्वचित तो बधिरपणा कायमचाही राहतो. हे आधीच विचारून घ्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगावे, आपल्या मनाने बंद करू नये.

रिपोर्टवर फक्त ‘सूज आहे’ एवढे लिहिलेले पुरत नाही. ‘फोकस स्कोअर’ हा आकडा पाहा. पन्नास किंवा अधिक लिंफोसाइट पेशींचा एक पुंजका म्हणजे एक फोकस. चार चौरस मिलिमीटर ग्रंथीत असा किमान एक असेल, म्हणजे स्कोअर एक किंवा जास्त असेल, तर बायोप्सी पॉझिटिव्ह धरतात. आकडा लिहिलेला नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन संधिवाततज्ज्ञांना भेटा.