घटक ५ : कीचक – एका खलपात्राचा माध्यमांतर प्रवास

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• एकाच खलपात्राचे रूप माध्यमानुसार कसे पालटते, हे सांगता येईल.
• रूपकात्मक अर्थ प्रेक्षकाच्या मनात कसा घडतो, हे स्पष्ट करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ढोकी येथील एका संपर्कसत्रात ‘कीचक तुम्हांला प्रथम कोठे भेटला?’ असा प्रश्न विचारला होता. बहुतेकांनी दूरदर्शनवरील मालिकेचे नाव घेतले. काहींनी चित्रकथेचे पुस्तक सांगितले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने मात्र आजोबा वाचीत असलेल्या ‘पांडवप्रताप’ पोथीची आठवण काढली. नाव एकच, परंतु प्रत्येकाच्या मनातील कीचक निराळा होता. हा निराळेपणा कोठून येतो, हे या घटकात पाहावयाचे आहे.

५.३ मूळ कथा : दरबारातील प्रश्न

महाभारताच्या विराटपर्वात कीचक हा विराटाचा सेनापती व राणी सुदेष्णेचा भाऊ आहे. अज्ञातवासातील द्रौपदी सैरंध्री या नावाने राणीची दासी झालेली असते. कीचकाची वासना धुडकावून ती राजसभेकडे धाव घेते, तेव्हा तो भरसभेत तिला लाथ मारतो. ती न्याय मागते. आपल्या माघारी घडलेला तुमचा कलह आपणांस ठाऊक नाही, अशा आशयाचे उत्तर विराट देतो. आणि कंकाच्या वेषातील युधिष्ठिर तिलाच अंतःपुरात जाण्यास सांगतो. पुढे रात्री नर्तनशाळेत भीम कीचकाचा वध करतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कीचक दुष्ट आहेच. पण तो निर्भय आहे तो इतरांच्या मौनामुळे. हा दरबार वगळला, तर उरतो तो केवळ एक दुराचारी पुरुष.

५.४ रंगभूमी : न उच्चारलेले नाव

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे ‘कीचकवध’ हे गद्य नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनची कारकीर्द १९०५ मध्ये संपली होती. त्याच वर्षी झालेल्या वंगभंगाची जखम मात्र ताजी होती. नाटकात कर्झनचे नाव कोठेही नाही. तरीही प्रेक्षकांनी कीचकात कर्झन, द्रौपदीत हिंदभूमी, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पक्ष पाहिला. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० मधील आपल्या ग्रंथात हीच जुळणी नोंदविली आहे.

त्याच वर्षी सरकारने नाटकावर बंदी घातली. त्यासाठी १८७६ चा नाट्यप्रयोगविषयक कायदा हाताशी होताच. पण या बंदीतच एक पेच होता. वाच्यार्थ पाहता नाटक निव्वळ पौराणिक. बंदी घालावयाची तर व्यंग्यार्थ मान्य करणे भाग. म्हणजेच, कीचक आपल्या राज्यकर्त्यासारखा दिसतो, ही कबुली बंदी घालणाऱ्यानेच दिली.

या रूपकाची एक किंमतही होती. द्रौपदी राष्ट्राचे प्रतीक झाली, की भरसभेत लाथ खाल्लेल्या एका दासीचे गाऱ्हाणे मागे पडण्याचा धोका असतो. रूपक अर्थ वाढविते, तसेच काही झाकूनही टाकते.

५.५ चित्रपट : शब्दांवाचून खलत्व

१९१८ च्या सुमारास मद्रासेत आर. नटराज मुदलियार यांनी ‘कीचकवधम्’ हा मूकपट काढला. महाराष्ट्रात बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले. त्यातील कीचकवधाचे दृश्य मात्र इतके हुबेहूब साधले होते, की सेन्सॉरने ते वगळावयास लावले.

दोन्ही बंधनांची तुलना करा. नाटकात आक्षेप होता तो सूचित अर्थाला, चित्रपटात दृश्याला. मूकपटाजवळ संवादांचे बळ नसल्याने खलत्व देहबोलीतून आणि त्याची शिक्षा देहावरच दाखवावी लागते. पुढे १९३३ मध्ये व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी ‘सैरंध्री’ बोलपट केला व तो रंगीत करण्यासाठी जर्मनीत प्रक्रिया करवून घेतली. पण रंग मनासारखे उतरले नाहीत.

५.६ चित्रकथा व दूरदर्शन

अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने १९८५ पासून महाभारत ४२ अंकांत मांडले. चित्रकथेला जागा थोडी. म्हणून चौकटीतील चेहरा पाहताच खलपुरुष ओळखता यावा लागतो. दूरदर्शनवरील बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेत (१९८८–१९९०) शरत सक्सेना कीचक झाले आणि घराघरांत कीचकाला एकच चेहरा व आवाज मिळाला. पोथी ऐकणारा आपला कीचक स्वतः कल्पीत असे. पडद्याने ते काम त्याच्याकडून काढून घेतले.

५.७ समारोप

संस्कृतमध्ये ‘कीचक’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : वाऱ्याने आपोआप वाजणारा पोकळ वेळू. खलपात्राचेही काहीसे तसेच असते. ज्या काळाचा वारा त्यातून वाहतो, त्या काळाचा आवाज ऐकू येतो. म्हणून खलपात्राचा अभ्यास करताना ‘तो किती दुष्ट?’ एवढेच विचारून थांबू नये. त्याच्या भोवती कोण गप्प बसले आहे आणि जिच्यावर अन्याय झाला तिचे बोलणे त्या माध्यमाने किती राखले, हेही पाहावे.

५.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कीचकवध’वरील बंदीतील पेच वाच्यार्थ व व्यंग्यार्थ या संज्ञांच्या आधारे स्पष्ट करा.
२. दरबाराचा प्रसंग वगळल्यास कीचकाच्या व्यक्तिरेखेत कोणता फरक पडतो?
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील साठीपुढील दोन व्यक्तींकडून कीचकाची कथा ऐका व त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सैरंध्रीचे सभेतील बोलणे त्यांनी सांगितले की गाळले, याची नोंद करा.