घोट्यावरचा सेन्सर आणि मोबाइलमधली नोंद

अंगावर बांधलेल्या सेन्सरने टिपलेली हालचाल बिनतारी मार्गाने मोबाइलमध्ये नोंदवताना सर्वांत जास्त भीती बाळगावी ती न दिसणाऱ्या बिघाडाची. यंत्र बंद पडले तर लगेच कळते. पण मधूनच वीस-पंचवीस नमुने गळाले तर पडद्यावरचा आलेख तसाच सरकत राहतो, फाइलही भरत राहते. उणीव उघड होते ती विश्लेषणाला बसल्यावर, आणि तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. दोन्ही घोट्यांना सेन्सर बांधून चालीची नोंद घेणे हे या कामाचे नेहमीचे उदाहरण आहे. पक्षाघातानंतरच्या फिजिओथेरपीत आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अशा नोंदींचा उपयोग होतो. पुढील विवेचन त्यालाच धरून आहे.

सेन्सरच्या डबीत त्वरण मोजणारा ॲक्सेलरोमीटर आणि फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप असतो. दोघांचे तीन-तीन अक्ष मिळून सहा आकडे होतात आणि प्रत्येकाला २ बाइट धरले तर एका नमुन्याला १२ बाइट लागतात. सेकंदाला १०० नमुने घेतले तर १,२०० बाइट, म्हणजे तासाला सुमारे ४.३ मेगाबाइट जमतात. मोबाइलला हे ओझे जाणवतही नाही. नमुन्यांचा वेग वाढवला की नोंद सुधारते असा समज मात्र खोटा आहे. चालताना पायाखाली निर्माण होणाऱ्या बलाची जवळजवळ सारी ऊर्जा १५ हर्ट्झच्या आत असते, हे अँटन्सन आणि मान यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. चालीसाठी १०० हर्ट्झ पुरेसे आहेत. त्यापुढे बॅटरी लवकर उतरते आणि हवेतली गर्दी वाढते. वेगापेक्षा मोजमापाची कमाल मर्यादा जास्त महत्त्वाची. ती २ जीवर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या दुपटीवर, ठेवली तर टाच टेकतानाच्या धक्क्याचे शिखर सपाट कापले जाते आणि ते नंतर परत मिळवता येत नाही. मर्यादा १६ जी ठेवली तरी १६ बिटांच्या मोजणीत एका जीचे २,०४८ भाग पडतात. घोट्यावर तेवढी बारकाई पुरते.

सेन्सर आणि मोबाइल यांच्यात बहुधा ब्लूटूथ लो एनर्जी असते. २०१० च्या ब्लूटूथ ४.० मध्ये ही पद्धत आली. तिच्यात डेटा सलग वाहत नाही. ठरलेल्या अंतराने दोन्ही उपकरणे क्षणभर भेटतात आणि तेवढ्यात देवघेव उरकतात. हे अंतर ७.५ मिलिसेकंदांपासून ४ सेकंदांपर्यंत असू शकते आणि त्याबाबत शेवटचा शब्द मोबाइलचा असतो. मुळात एका पॅकेटमध्ये अवघे २० बाइट मावत. ब्लूटूथ ४.२ पासून मोठी पॅकेट शक्य झाली. दोन्ही बाजूंनी तशी बोलणी झाली तर २४४ बाइटमध्ये शीर्षकासह १९ नमुने बसतात आणि सेकंदाला पाच-सहा पॅकेट पुरतात. ॲपने ही मागणी केलीच नाही तर जुनी २० बाइटची मर्यादा मुकाट लागू राहते, आणि प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र पॅकेट खर्ची पडते.

हवेत हरवलेले पॅकेट ब्लूटूथ स्वतःहून पुन्हा पाठवते. तरीही नमुने गळतात, कारण शरीर मध्ये येते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अंगातले पाणी शोषून घेते. मोबाइल उजव्या मागच्या खिशात आणि सेन्सर डाव्या घोट्यावर पुढे असला तर जोडणी कुंथत चालते, पाठवायचे नमुने डबीतच साचतात आणि जागा संपली की जुने किंवा नवे टाकून दिले जातात. वरच्या हिशेबाने ८ किलोबाइटचा तात्पुरता साठा जेमतेम सात सेकंद पुरतो. मोबाइल कमरेच्या पट्ट्यात पुढच्या बाजूला ठेवला की तक्रार बरीच कमी होते. खरा उपाय मात्र डबीतच कायम स्मृती असण्याचा. ब्रिटनमधील यूके बायोबँक प्रकल्पात २०१३ ते २०१५ या काळात एक लाखाहून अधिक लोकांच्या मनगटावर सात दिवस सेन्सर बांधले गेले, तेव्हा डेटा १०० हर्ट्झने डबीतच साठवला आणि उपकरण परत आल्यावर उतरवून घेतला. दिवसचे दिवस नोंद हवी असेल तर बिनतारी मार्गाचा हट्ट धरू नये. पडद्यावर लगेच पाहण्याची गरज असेल तिथेच तो शोभतो, आणि तिथेही एक प्रत डबीत राहावी.

या साऱ्या कामाचा कणा म्हणजे नमुन्याला उगमापाशीच दिलेला क्रमांक आणि वेळ. मोबाइलवर पॅकेट पोहोचल्याची वेळ ही नमुन्याची वेळ मानणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. पॅकेट घोळक्याने येतात. तीन नमुने एकाच क्षणी घडल्यासारखे दिसतात आणि त्यानंतर मोकळी जागा पडते. पहिल्या नमुन्याची वेळ घेऊन पुढे दर १० मिलिसेकंदांनी मोजत जाणेही तितकेच घातक. डबीवर १०० हर्ट्झ लिहिलेले असले तरी चिपमधला आंदोलक एखाद्या टक्क्याने सहज चुकतो, आणि एका टक्क्याचे तासाभरात ३६ सेकंद होतात. म्हणून वेळ डबीतल्या क्वार्ट्झ स्फटिकावरून घ्यावी. तोही दशलक्षात २० भागांनी चुकला तर तासाला ७२ मिलिसेकंदांचा फरक पडतो. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण सुमारे एका सेकंदाच्या चालचक्रात दोन्ही पावले एकदम जमिनीवर असण्याचा प्रत्येक टप्पा चक्राच्या दहाएक टक्केच असतो. दोन घोट्यांवरच्या घड्याळांत तेवढी तफावत पडली तर या टप्प्याचे मोजमाप साफ बिघडते. त्यासाठी नोंदीच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही सेन्सर एका मुठीत धरून तीनदा झटका द्यावा. दोन्ही आलेखांवर त्याच्या खुणा उमटतात आणि त्यांच्या आधारे घड्याळे जुळवता येतात.

क्रमांकासाठी एकच बाइट ठेवला तर तो २५६ नमुन्यांनी, म्हणजे अडीच सेकंदांत, पुन्हा शून्यावर येतो. त्याहून मोठा खंड त्यात लपून जातो. दोन बाइटचा क्रमांक अकरा मिनिटांच्या आत फिरतो. चार बाइट क्रमांकाला, चार वेळेला आणि बारा नमुन्याला दिले तर जुन्या २० बाइटच्या पॅकेटमध्येही सारे नेमके बसते. काटकसर करायची ती इथे करू नये. खंड सापडला तर तो कोऱ्या नोंदीने दाखवावा. आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरलेली मूळ फाइल कायमची अविश्वसनीय होते.

मोबाइलच्या बाजूने मोठा अडसर बॅटरी वाचवण्याच्या सोयींचा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून पडदा बंद ठेवून स्थिर पडलेला फोन ॲपना झोपवू लागला. नोंद करणारे ॲप सूचनापट्टीत सतत दिसणारी सेवा म्हणून चालवावे लागते. आयफोनवर पार्श्वभूमीत ब्लूटूथ वापरण्याची घोषणा ॲपमध्ये आधीच करावी लागते. काही कंपन्यांचे फोन याउपर स्वतःची बंधने घालतात, म्हणून चाचणी पडदा बंद करून, खऱ्या नोंदीइतका वेळ आणि प्रत्यक्ष वापरायच्याच फोनवर घ्यावी. फोनचे नेहमीचे घड्याळ नेटवर्कवरून दुरुस्त होताना पुढेमागे उडी मारते; त्यामुळे फोन सुरू झाल्यापासून अखंड चालणाऱ्या घड्याळाची वेळ नोंदवावी आणि भिंतीवरच्या घड्याळाची वेळ सुरुवातीला एकदा टिपावी. फाइल थोड्या थोड्या वेळाने लिहीत जावी. शेवटी एकदम लिहिणारे ॲप बंद पडले तर सारेच जाते.

पट्टा सैल असेल तर पायाऐवजी डबीचे हिंदकळणे नोंदले जाते. डबी हाडाच्या सपाट भागावर, मांसल भाग टाळून बांधावी आणि बांधलेल्या स्थितीचा फोटो ठेवावा. डावा-उजवा उलट होणे ही चूक आकड्यांवरून ओळखणे कठीण असते, फोटोवरून लगेच कळते. चालायला लागण्यापूर्वी रुग्णाला दहा सेकंद स्तब्ध उभे करावे. तेवढ्या वेळात जायरोस्कोपचा शून्यदोष मोजता येतो. तो सेकंदाला ०.१ अंश असला तरी मिनिटाला ६ अंशांचा खोटा कोन साचतो. त्वरणावरून अंतर काढताना दोष याहून झपाट्याने फुगतो: ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या चुकीने एका मिनिटात १८ मीटरचा फरक पडतो. चालीत हा दोष प्रत्येक पावलाला, पाय जमिनीवर टेकलेला असताना, शून्यावर आणावा लागतो.

रुग्णाला सोडण्याआधी फाइल उघडून पाहावी. शेवटचा क्रमांक वजा पहिला अधिक एक, ही संख्या आणि ओळींची संख्या सारखी आली पाहिजे. स्तब्ध क्षणांतल्या तिन्ही अक्षांचे एकत्रित त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास हवे. झटक्यांच्या खुणा दोन्ही टोकांना दिसाव्यात. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि नोंद पुन्हा घ्यायची तर रुग्ण अजून समोरच असतो. फाइलच्या नावात रुग्णाचे नाव घालू नये, संकेतांक घालावा, कारण चालीवरूनही माणूस ओळखू येतो. संमती नोंदीपूर्वी लेखी घ्यावी. मूळ फाइल गाळणी न लावता जपून ठेवावी आणि सेन्सरची मर्यादा, नमुन्यांचा वेग, डबीची बाजू आणि ॲपची आवृत्ती तिच्या माथ्यावर लिहून ठेवावी.