वारीत सीपॅप चालवायचे कसे?

प्रश्न : वडील (६४) अंबडहून दिंडीबरोबर पंढरपूरला निघणार आहेत. झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री सीपॅप मशीन लावतात. मुक्काम ट्रकमध्ये किंवा राहुटीत असतो, लाइटचा भरवसा नाही. बॅटरीवर चालेल का?

उत्तर : चालेल, वडिलांना खुशाल जाऊ द्या. फक्त मशीन घरी ठेवून जाऊ देऊ नका. दिवसभर चालून थकलेल्या माणसाला रात्री त्याची गरज असतेच.

सगळ्यात जास्त बॅटरी खातो तो हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर. तो आणि गरम नळी चालू असतील तर मशीन साधारण ५० वॅट ओढते, म्हणजे आठ तासांत ४०० वॅट-तास. दोन्ही बंद केल्यास बहुतेक मशीन १५ वॅटच्या आसपास चालतात, म्हणजे रात्रीला जेमतेम १२० वॅट-तास. आषाढात हवा दमटच असते, त्यामुळे ह्युमिडिफायरविना भागू शकते. तरीही तो बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

१२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. तिच्यात सुमारे ६४० वॅट-तास मावतात, त्यामुळे ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवल्यास चार रात्री निभावतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी नेऊ नका. ती जड असते, आडवी झाली तर आम्ल सांडते. मशीनच्या अॅडॅप्टरवर १२ की २४ व्होल्ट ते वाचा आणि त्याच कंपनीचा डीसी कन्व्हर्टर वापरा. ट्रकची वायरिंग बहुधा २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचा कन्व्हर्टर तिला जोडला तर जळू शकतो. शिवाय रात्रभर ट्रकच्याच बॅटरीवर मशीन चालवले तर सकाळी गाडी सुरू व्हायला अडचण येऊ शकते.

निघण्याआधी घरी एक रात्र मेन स्विच बंद करून वडिलांना बॅटरीवरच झोपवून पाहा.