खोल पाणी, खारे पाणी आणि मोटारसायकल

प्रश्न : पूर्णगड परिसरात गुडघाभर पाण्यातून ऑफ-रोड मोटारसायकल न्यायची असल्यास कोणती पूर्वतयारी करावी?

उत्तर : मोटारसायकल किती खोल पाण्यातून जाईल, हे मुख्यतः इंजिन ज्या तोंडाने हवा घेते त्याच्या उंचीवर ठरते. हे तोंड बहुधा सीटखालच्या एअर फिल्टरच्या पेटीत असते. तेथून पाणी सिलिंडरमध्ये शिरल्यास, पाणी हवेप्रमाणे दाबले जात नसल्यामुळे, पिस्टन अडतो आणि त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्यामुळे पेटीचे झाकण व सांधे आधी तपासावेत. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ब्रीदर नळ्यांकडे, म्हणजे आतल्या हवेचा दाब समतोल राखणाऱ्या रबरी नळ्यांकडे: तापलेले इंजिन पाण्यात एकदम निवले की आतली हवा आकसते आणि खाली लोंबणारी नळी पाणी ओढून घेते, म्हणून तिचे टोक पेट्रोलच्या टाकीखाली उंच बांधावे. वायरींच्या जोडांना वीज वाहू न देणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावावे.

पूर्णगड मुचकुंदी नदीच्या मुखाशी असल्याने तेथे भरतीचे पाणी खारे असते, आणि खाऱ्या पाण्याने चेन, स्पोक व बेअरिंगे लवकर गंजतात. गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्यावे. उधाणाच्या वेळी खाडीकाठच्या वाटेला जाऊच नये, हे वेगळे सांगायला नको. पाण्यात इंजिन बंद पडल्यास स्टार्टर मुळीच दाबू नये. गाडी ढकलत बाहेर आणून, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर टाकावे, आणि ऑइल दुधाळ दिसल्यास ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.