औषधानंतरचं मनीप्लांट

सूनबाई, सडलेली मुळं कापलीस, तांब्याचं औषध घातलंस, माती बदललीस. आता हात आवरायचा, आणि तेच सगळ्यांत अवघड.

खत अजिबात नको, युरियाची चिमूट तर मुळीच नको. मुळं थोडी उरलेली असताना मातीत क्षार वाढले की त्यांना पाणी ओढता येत नाही. कुंडी ओली असूनही पानं माना टाकतात. आपल्याला वाटतं तहान लागली, म्हणून आणखी पाणी ओततो. बरी होत आलेली कितीतरी झाडं मी अशीच गेलेली पाहिली.

पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं खुपसून बघ. आपली काळी माती वरून भेगाळते, पण आत ओल धरून बसते. म्हणून नुसती रानातली माती कुंडीत नको, तिच्यात जाड वाळू आणि कोकोपीट हवंच. ताटलीत साचलेलं पाणी लगेच फेकायचं. कुंडी पूर्वेच्या खिडकीपाशी ठेव, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही.

आपल्या भूममध्ये खव्याच्या भट्ट्या, त्यामुळे राखेला तोटा नाही. कुणीतरी सांगेलच, मूठभर राख टाक म्हणून. टाकू नकोस. आपल्या मातीत चुनखडी, बोअरचं पाणी जड, त्यात राख पडली की झाडाला लोह मिळत नाही. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तसं दिसलं तर रोग उलटला समजून पुन्हा औषध ओतू नकोस. जमेल तेव्हा पावसाचं पाणी धरून ठेव आणि तेच घाल.

ट्रायकोडर्मा घालायची असेल तर 15 दिवस थांब. ती जिवंत बुरशी आहे, तांब्याच्या औषधाने तिची वाढ खुंटू शकते.

डागाळलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, पण उरलेला हिरवा भाग अन्न करतो. पूर्ण पिवळं झाल्यावरच काढ. झाड सावरलं का, ते शेंड्याला विचार. तिथे दोन-तीन नवी पानं नीट उलगडली, की मग थोडं गांडूळखत.

आणि हे झाड दगावलंच तर दुसरं हाताशी असावं, म्हणून आजच कात्री स्पिरिटने पुसून वेलीचं एक निरोगी कांडं काप. पेर बुडेल असं बाटलीत ठेव, मुळं पेरालाच फुटतात. पाणी दर आठवड्याला बदल.